सांधा

रुवीच्या दुकानात त्यानं तो काचेवर ठेवला
तेव्हा मी आधी कडा पाहिल्या.
सवय. वीस वर्षं फरशी बसवतोय,
चकाकीवर माझं मन बसत नाही,
चारी कोपरे धरून बघतो.
नेटके होते. घेतला.
तीन पगार, वर चाळीस रियाल
जिवबा कांदळगावकरकडून हातउसने.

गुण आधी सांगतो,
सोयरीक जमवताना सांगतात तसे.
पहाटे चारच्या बसपासून
रात्री डाळीला फोडणी पडेपर्यंत चालतो.
सोळा जणांच्या खोलीत प्लग दोनच असतात,
तिथं राहिल्याशिवाय याचं मोल कळायचं नाही.
चंद्र इतका जवळ आणतो
की कुठं प्लास्टर उखडलंय ते दिसतं.
अंधारात काढलेला फोटो असा उजळ
की नाजमीन विचारते,
अब्बा, तिकडे रात्र होतच नाही का?
एकदा बिनकठड्याच्या जिन्यावरून
पुरे दोन मजले खाली गेला.
उचलला, पुसला, चालू.
माणसाचं तसं नसतं.

आता खोडी.
अठ्ठेचाळीस डिग्रीत तोंड काळं करतो
आणि लिहून दाखवतो:
फोन फार तापलाय, थंड होऊ द्या.
दुपारच्या सुट्टीत ओल्या फडक्यात गुंडाळून
मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो.
जिवबा म्हणाला,
आपल्या कपाळार असा लिवान येणा नाय.

माझा अंगठा तो ओळखत नाही.
चुना, सिमेंट, ग्राउट,
रेषा कधीच झिजल्या.
दाबतो, तो थरथरतो: पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा दाबतो.
मालकालाच दारात उभं करणारं घर.
शेवटी चार आकडे ठेवले,
नाजमीनचं जन्मसाल.

आणि हिचा चेहरा बघायला फोन लावावा
तर तो मुका.
त्याचा दोष नाही, इथला कायदा.
चंद्रावर नजर पोचणारं यंत्र
दाभोळच्या खाडीपर्यंत
नुसता रेकॉर्ड केलेला आवाज नेतं:
जेवलो. बरा आहे. पैसे टाकलेत.

घुब्र्यातल्या हॉटेलात
आम्हीच लावलेल्या भिंतीपुढं
ईदला एक फोटो काढला.
मी नव्या सदऱ्यात.
मागं जिवबा, बनियनवर, हातात बादली.
घरी पाठवायचा फोटो, म्हणून
त्याच्याभोवती बोटानं गोल काढला.
जिवबा गेला, भिंत आली.
ढोपरापासून टाळूपर्यंत टाइल,
बादलीचीसुद्धा टाइल.
त्याला दाखवला तर पोट धरून हसला:
माझे चाळीस रियालव पुसलंस काय रे?

मार्चमध्ये त्याला दुकमला पाठवलं.
एक-दोनदा बोलणं झालं.
तिथून कुठं गेला ते फोरमनला माहीत नाही,
गावचा नंबर लागत नाही.
त्याच्या गाद्यावर आता एक पोरगा झोपतो,
बिहारचा, झोपेत दात खातो.

पाच हजार फोटो आहेत या फोनमध्ये.
सिमेंटची पोती, चंद्र, बिर्याणी, चंद्र.
जिवबाचा एक नाही.
होता तो मीच पुसला, आणि
जुना परत आणायचा रस्ता कुठं असतो
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रात्री चादरीत तो फोटो उघडतो,
दोन बोटांनी ताणत जातो.
दुकानदाराला हे दिसलं नसतं,
ज्यानं फोन बनवला त्यालाही नाही.
जिवबाच्या खांद्याच्या उंचीवर
डावीकडून आलेली ग्राउटची रेघ
उजवीकडच्या रेघेला मिळत नाही.
दोन मिलिमीटर. फार तर अडीच.
आमच्या सुपरवायझरनं
ती सगळी भिंत फोडायला लावली असती.

मी ताणत राहतो.
फोन हातात तापतो.
अजून चाळीस रियाल देणं आहे.