पस्तीस तास

वर्षाला पस्तीस तास शिकायचं, असा नियम आहे.
नाहीतर नाव काढतात यादीतून.
वय एकसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले,
तरी मी, थॉर्फिन इस्बिस्टर, गुरांचा डॉक्टर,
वेस्ट्रे बेटावरून सकाळच्या बोटीनं
कर्कवॉलला आलोय. शाळेत.

हॉटेलचा हॉल. कुणाच्या तरी लग्नाच्या झिरमिळ्या
अजून छताला.
कॉफी पातळ, बिस्किटं मोजून दोन.
शेजारी स्ट्रॉन्झेचा एर्लेंड डोळे मिटून बसलाय.
"घोरलो तर कोपर मार," म्हणाला,
"जागं राहिलं काय, झोपलं काय, तास तेवढाच भरतो."

शिकवायला आलेली बाई माझ्या धाकटीहून लहान.
पडद्यावर गाईचा चेहरा, भिंतीएवढा.
कान कुठे गेलेत बघा, म्हणाली.
नाकपुड्या बघा. डोळ्यावरची आठी.
दुखतं तेव्हा ती असं सांगते.

मुकं जनावर, काय सांगणार बिचारं,
हे वाक्य मी सगळी वर्षं कोटासारखं घालून फिरलो
वारा लागू नये म्हणून.

मग ती शिंगांवर आली.
वासराचा शिंगाचा कोंब तापल्या लोखंडानं जाळायचा,
त्याआधी जागा बधिर करायची.
हे मला झोपेतही येतं,
म्हणजे एर्लेंडलाही आत्ता येत असणार.
पण तो बधिरपणा दीड-दोन तासांचाच,
असं म्हणून ती पुढच्या चित्राकडे गेली.

मी गेलो नाही.

दीड-दोन तास म्हणजे
हात धुऊन, क्लाउस्टनच्या घरी चहा पिऊन,
हवेला चार शिव्या घालून, बिल लिहून
धक्क्यावर पोचेपर्यंत.
म्हणजे इकडे माझी बोट सुटायची
आणि तिकडे गोठ्यात सुरू व्हायचं.
म्हणजे मी पाहिलेली सगळी वासरं
न दुखणारीच होती.
दुखत नाही हो, मी म्हणायचो.
शपथेवरसुद्धा म्हटलं असतं.

क्लाउस्टनच्या नातीनं एकदा रात्री फोन केला होता.
आठ-नऊ वर्षांची असेल.
ते दात खातंय, म्हणाली.
भूक लागली असेल, सकाळी बघ, पीत असेल.
सकाळी तिचा फोन आला नाही.
मी समजलो, पीत असेल.

घरी आल्यावर फॉर्म.
आज काय शिकलात? कामात कोणता बदल कराल?
मी लिहिलं: कान.
उत्तर अपुरं, किमान वीस शब्द, असं लाल अक्षरात आलं.
मग बधिर करण्याबरोबरच वेदनाशामकाचं इंजेक्शन,
मालकाशी चर्चा, नंतरची देखरेख वगैरे वगैरे.
वीस भरले. सहा तास जमा. एकोणतीस बाकी.

रात्री जुन्या डायऱ्या काढल्या,
अठ्ठ्याऐंशी सालापासून मोजायला बसलो.
अकराशेवर थांबलो.
बायको म्हणाली, आकडा कुणाला द्यायचाय?

गुरुवारी क्लाउस्टनकडे सात वासरं.
दुसरी सुई पाहून म्हातारा म्हणाला, हिचे किती?
सांगितले.
हं, म्हणाला. खिशातला हात खिशातच.
मग म्हणाला, घाल.

चहा झाला. भोंगा ऐकू आला, बोट गेली.
मी बादली उपडी घालून गोठ्यात बसलो.
"काय विसरलास?" म्हाताऱ्यानं दारातून विचारलं.
काही नाही म्हटलं, तर तो दिवा ठेवून गेला.
ह्याला फॉर्मात रकाना नाही.

पावणेसहाला कोपऱ्यातल्या वासराचा
डावा कान जरा हलला.
खाली गेला? की माशी होती?
मी पुढे सरकलो.
वाचत होतो,
पहिलीतल्या पोरासारखा
अक्षराखाली बोट ठेवून.