हे गवत नाही

सारेमा बेटाच्या पश्चिम टोकाला, जुलैत,
गुडघाभर चिखलात ओणवी उभी हेल्वे
देठ चिमटीत फिरवते, वात वळावी तसा.
"फिरत नाही बघ. अडतो. तीन धारा.
हे गवत नाही."

मी वही काढते. पेनात पाणी गेलंय.
पातं चपटं, कडा करवतीच्या.
वरचं कणीस नराचं, सडपातळ,
खालची दोन चिकटून बसलेली,
अबोला धरलेल्या बहिणींसारखी.
पण हे सगळं त्याच्या साध्या चुलतभावाचंही असतं,
जो इथे वाटेल तिथे उगवतो.
फरक एकाच जागी: फळाच्या पिशवीची चोच
सरळ की वाकडी.
आणि चोच तिळाहून लहान.

एकोणीसशे छत्तीस साली एका शाळामास्तरानं
याच पाणथळीतून एक जुडी नेली,
वर्तमानपत्रात दाबली, खाली लिहिलं: विपुल.
पुढे कुणालाच दिसलं नाही.

आम्ही चार दिवस शोधलं
जिथे माणूस फिरकलाच नसेल, तिथे.
तिथे नुसता देवनळ, डोक्याहून उंच,
आणि डास.

पाचव्या दिवशी कुंपणाशी साल्मे आली,
दुधाच्या जुन्या किटलीत रानबोरं घेऊन.
"ते होय? गाय नाही खात ते, ओठ कापतो.
आमच्या मुस्तिकच्या वाटेवर असायचं."
मुस्तिक जाऊन एकोणीस वर्षं झाली.

वाट अजून होती.
म्हणजे खळगे होते, बुजत आलेले, खुरांचे,
झऱ्याच्या चुनाळ पाण्यानं भरलेले,
तळाशी पांढुरकी साय.
काठाकाठानं झुबके. सात.
पुन्हा मोजले. सातच.

"एक उपटू?"
नमुन्याशिवाय तार्तूतले लोक मानत नाहीत.
हेल्वे उत्तरली नाही. गुडघे टेकले,
कमरेपर्यंत भिजली,
देठ वर न आणता भिंगच खाली नेलं.
बराच वेळ तिची फक्त पाठ दिसत होती.
मग एक पिशवी, पिकलेली, आपण होऊन
तिच्या तळहातावर गळली.

वाकडी.

अहवालात "अधिवास"पुढचा रकाना दोन बोटांचा असतो.
हेल्वेनं लिहिलं: चुनाळ झरा, उघडी दलदल,
देवनळ नको.
थांबली. मग त्याखाली बारीक अक्षरात:
एक गाय हवी.

मी ते साल्मेला वाचून दाखवलं.
तिनं किटली या हातातून त्या हातात घेतली.
"दुधाला काय भाव आहे गं,
तिकडे, तार्तूत?"