तिसरा टर्बो

ऑडवारची व्होल्वो पुन्हा आली, ट्रॅक्टरमागे बांधून.
चौदा महिन्यांत तिसरा टर्बो.
योस्टाइन काही बोलला नाही, फक्त शटर वर केलं,
आणि फ्योर्डवरचा वारा थेट माझ्या कॉफीत.

दांडा चिमटीत धरून हलवला:
डुगडुगला, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
इंटरकूलरमध्ये वाटीभर तेल.
पात्यांची टोकं घासून चांदीची झालेली.
हे सगळं मी दोनदा पाहिलं होतं
आणि दोनदा नवा टर्बो बसवून बिल लिहिलं होतं
माझ्या वळणदार अक्षरात.

ऑडवार गुरांचा डॉक्टर. बाकावर बसून
बुटाचं शेण काडीने खरवडत म्हणाला,
"एखाद्या गायीच्या कासेला पुन्हा पुन्हा सूज आली ना,
तर मी गाय बघत नाही, सुनिवा.
दूध काढायचं यंत्र बघतो. गोठ्याची जमीन बघतो.
धार कोण काढतं, आणि त्याला कसली घाई आहे, ते बघतो."
सहज म्हणाला. टोमणा नव्हता तो.
पण लागायचा तिथे लागला.

दुखणं म्हशीला, सुई पखालीला:
मी टर्बो बदलत होते
आणि त्याला तेल पाजणारी नळी तीच ठेवत होते,
करंगळीएवढी, वरून लख्ख.
फुंकर मारली की हवा पलीकडे येते, म्हणजे ठीक.
हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं, मी योस्टाइनला.

या वेळी नळी करवतीने उभी चिरली.
आत कोळसा.
जळून घट्ट बसलेलं तेल, थरावर थर,
पातेल्याच्या बुडाशी करपलेल्या दुधासारखं,
मधोमध भोक, रफूच्या सुईचं.
मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा दांडा
एवढ्याशा भोकातून घोटभर तेल मागत होता.

पण कोळसा आला कुठून?
तेल बरोबर. फिल्टर नवा. प्रेशर काट्याला काटा.
सम्प उतरवून जाळी धुतली, परतीची नळीही बदलली,
टर्बोत हाताने तेल ओतलं,
इंजिन न पेटवता स्टार्टर फिरवला
वाटीत थेंब पडेपर्यंत. थेंब योस्टाइनने मोजले.
आणि सोमवारी पहाटे ऑडवारच्या शेजारी मीच जाऊन बसले.

सहा चाळीसची फेरीबोट.
हा घरातून निघाला सहा सव्वीसला.
एकोणीस किलोमीटर, पाय शेवटपर्यंत दाबलेला,
धक्क्यावर लाल जाकिटातला माणूस हात हलवतोय,
लोखंडी फळीवरून खडखडत आत,
आणि किल्ली बंद.
बोटीवर इंजिन चालू ठेवायचं नाही, तशी पाटीच आहे.
तो वर गेला, वॅफल खायला.

मी बसून राहिले. अंधारात बॉनेटखाली
टिक्. टिक्. टिक्.
पंप थांबला होता. नुकताच थांबलेला दांडा
निखाऱ्याला पाठ लावून बसला होता
आणि नळीतलं तेल जागच्या जागी शिजत होतं.
वर्षातून तीनशे पहाटे.

"शेवटचे तीन किलोमीटर हळू घे," मी म्हटलं.
"वासरू अडकलेलं असतं, सुनिवा. पुढची बोट तासाने."
"मग सहा वीसला नीघ."
"सहा मिनिटं," तो म्हणाला,
जणू मी सहा बिघे मागितले.

दुसऱ्या टर्बोची मजुरी मी परत केली.
त्याने घेतली.
घेणार नाही असं मला थोडं वाटलं होतं.

चिरलेली नळी खिळ्याला टांगली आहे.
माझं घर धक्क्याच्या दोन किलोमीटर अलीकडे.
पहाटे जाग आली तर रस्त्याकडे कान देते.
काही दिवस गाडी हळू जाते.
काही दिवस नाही.