लंगडी

फॉर्ममध्ये एक रकाना आहे : रचनाकार.
पुढे ठिपक्यांची ओळ, वीतभर.
ती भरायला परभणीहून आलोय मी,
जीपमध्ये यंत्र, माइकला गुंडाळलेला टॉवेल,
आणि कयाधूच्या अलीकडे, बाभळीच्या विरळ सावलीत
सटवाजी गोसावी गजाला राळ लावतोय
दातावरून मिसरी फिरवावी तशी, निवांत.

भोपळा पणजोबाच्या वेलाचा. केस घोड्याच्या शेपटीचे.
'कातडं कशाचं?' विचारलं, तर म्हणाला,
'ते लिहू नका, सायेब. जंगलखात्याचा मानूस येतो.'

मग वाजवली.
सहा मात्रा : तीन जमिनीवर, तीन जमिनीच्या जरा वर,
आणि तिसरीवर पाय मुरगळल्यासारखी
चाल खाली बसते,
पडायच्या आत पुढचं पाऊल टाकून मोकळी होते.
गजाच्या टोकाला घुंगरू, पाचातलं एक उरलेलं.
कोंबडी थांबली. आमच्या ड्रायव्हरचा गुडघा
त्याला न विचारता हलायला लागला.

'हिला लंगडी म्हन्तेत.'
कुणी बांधली?

'आज्याच्या घोडीनं,' सटवाजी म्हणाला.
'मागल्या उजव्या खुरात काटा. औंढ्याहून कळमनुरी
तशीच आली. आज्या वर बसून वाजवीत व्हता,
घोडी जशी टेकली तसा गज टेकला.'
मी लिहिलं : घोडी.

पण सकाळीच हिंगोलीत फत्तू मास्तर भेटले होते,
बँडच्या दुकानात, क्लॅरनेटची भोकं पुसत.
'चाल गोऱ्याची, जनाब. छावणी होती तेव्हा
एक तांबड्या केसांचा शिपाई, दारू पिऊन रडायचा,
आणि हनुवटीखाली लाकूड धरून वाजवायचा
लेकराला खांद्यावर थोपटावं तसं.
आमचे परदादा भिश्ती. मशक भरता भरता ऐकलं,
शिट्टीवर घरी आणलं.
मग गोसावी दारावर आला पिठाला.
घरात पीठ नव्हतं. शिट्टी होती.'
मी लिहिलं : गोरा. पुढे प्रश्नचिन्ह.

धुरपताबाई इतका वेळ पाठमोरी तूर पाखडत होती.
सूप थांबलं.
'घोडी?' ती म्हणाली. 'कवाची घोडी?
यांच्या सात पिढ्यांत शेळी नव्हती बांधलेली.'
सटवाजी राळेची डबी शोधू लागला.
'ऐका. दुसऱ्याच्या गल्लीत किंगरी घेऊन गेलं का
कुत्रं मागं लागतंय. पळलं तर चावतंय.
थांबलं तर चावतंय. वाजवायचं सोडलं
तर बाया म्हन्तेत, गेला वाजवनारा, दार लावा.
मंग कसं चालावं मानसानं?
झोळी सांभाळीत, गज वढीत, मागं बघत.
थांबा, चालून दावते.'
आणि उठून चालली ती, साठीची बाई,
सूप काखेत, अंगणभर :
दोन पावलं सरळ, तिसरं चुकवून,
दोन सरळ, तिसरं चुकवून.
सहा मात्रा. बांगड्यांसकट.

'आणि लंगडी कामून?'
'एकदा चुकवायचं ऱ्हायलं,' ती म्हणाली.
'तेल लावताना आजेसासऱ्याच्या पोटरीत
बोट जायचं माझं. इथवर.'

रकान्यात कुत्रं लिहिता येत नाही.
मी लिहिलं : पारंपरिक.
नातवानं अक्षर लावून वाचून दाखवलं.
सटवाजी विचारात पडला.
'पारंपरिक,' म्हणाला, 'कोन गावचा?
ह्या भागात ऐकला नाई.'

परतताना जीपमध्ये हेडफोन लावला.
दोन मिनिटं दहा सेकंदांवर, वस्तीच्या पलीकडे,
एक कुत्रं भुंकतं. अगदी पुसट.
इंजिनिअर म्हणेल, काप.
त्याला काहीतरी सांगायचंय मला,
नीट जुळत नाही अजून.
ड्रायव्हर खड्डे चुकवतोय, गुणगुणत.
दोन चुकवतो. तिसऱ्यात जातो.