संभाव्य कारण

रात्री साडेदहाला भाऊ टीव्हीसमोर बसतात,
मांडीवर लिल्या चिवड्याची वाटी,
चष्मा कपाळावर. म्हणजे बघत नाहीत फारसं,
ऐकतात.
निवेदक हिंदीत डब केलेला, जरा घोगरा,
सगळ्या देशांची विमानं एकाच गळ्यातून पाडणारा.

आमचा फ्लॅट हरणीच्या वाटेवर, तिसऱ्या मजल्यावर.
दिल्लीहून येणारं शेवटचं विमान इतकं खालून जातं
की शोकेसमधले कप एकमेकांना कळवतात.
पडद्यावरचं पडतं, डोक्यावरचं उतरतं.
आई आतून विचारते, "उतरलं का?"
कोणतं, ते सांगत नाही.

पहिल्या जाहिरातीत आमची पैज.
मी म्हणते, पायलट झोपला असणार.
भाऊ म्हणतात, "घाई करू नकोस.
मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही,
म्हणून सगळे आधी त्यालाच विचारतात."

आज एक म्हातारा इंजिनिअर हँगरच्या फरशीवर
खडूने अख्खं विमान काढतो
आणि समुद्रातून वर आलेला एकेक तुकडा
त्याच्या त्याच्या जागी नेऊन ठेवतो.
दाराची कडी. अर्धी ट्रॉली. एका खुर्चीचा नंबर.
दोन वर्षं.
शेवटी हाती लागतो एक बोल्ट,
हवा त्याहून केसभर बारीक,
आणि तो बसवला त्या रात्री
गोदामातला दिवा गेलेला,
आणि नव्या दिव्याच्या मागणीचा कागद
कुणाच्या तरी टेबलावर तीन आठवडे पडून.

"बघ," भाऊ म्हणतात.
चिवड्यातला मनुका काढून काठावर ठेवतात.

नंदेसरीकडच्या एका कारखान्यात भाऊ टायपिस्ट होते.
मे महिन्यात रिअ‍ॅक्टर फुटला. रात्रपाळी.
ऑपरेटर ठाकोर पढियार, राहणार रणोली.
चौकशी अकरा दिवस, त्यात दोन रविवार.
अहवाल भाऊंनी टाइप केला:
ऑपरेटरचा निष्काळजीपणा.
समास नीट, खाडाखोड शून्य.
साहेब म्हणाले, शिर्के, तुमचं काम स्वच्छ असतं.

दाबाच्या घड्याळाचा काटा मार्चपासून अडकलेला.
तक्रारीचं पत्रही भाऊंनीच टाइप केलं होतं,
पढियार शेजारी उभा राहून सांगत होता, टोपी हातात.
कुणी भाऊंना विचारलं नाही.
भाऊ सांगायला उठले नाहीत.
मी तेव्हा सहावीत होते, फी थकली होती.
(हे मी घालते आहे.
भाऊंनी ते कारण म्हणून कधी वापरलं नाही.)

पढियारची बायको गेटवर आली होती एकदा,
अर्ध्या भरपाईचा कागद घेऊन.
"ए तो बहु बीकण हता, भाई.
गेस पण बे वार बंध करता."
घाबरट होता म्हणे. गॅस दोनदा बंद करायचा.
हे भाऊंनी मला एकदाच सांगितलं, गुजरातीतच,
मराठीत आणलं तर काहीतरी सांडेल असं.

काळी पेटी काळी नसते, नारिंगी असते,
हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.
आमची पेटी हिरवी निघाली, पत्र्याची, टाइपरायटरची.
परवा माळा झाडताना उघडली.
झाकणाला आतून चिकटवलेला कार्बन पेपर, एकच.
ट्यूबलाइटसमोर धरला तर अक्षरं उजळली,
तारीख एकोणीस मार्च,
आणि खाली, दोनदा ठोकल्यामुळे आरपार गेलेला
पढियारमधला प.

दुसऱ्या जाहिरातीत मी तो वाटीशेजारी ठेवला.
भाऊंनी चष्मा खाली ओढला.
साबण झाला, सिमेंट झालं, विम्याची जाहिरात झाली.
बोटांना निळं लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.
निवेदक परत आला, संभाव्य कारण सांगू लागला,
कप वाजले, आई आतून काहीतरी विचारत होती.

"रणोलीची बस," भाऊ म्हणाले,
"अजून स्टेशनावरूनच सुटते का गं?"