कोळी

बाई मीटिंगला बेळगावला गेल्या.
जाताना म्हणाल्या, शेवंता, आज तूच वाच.
मी म्हटलं, मला कुठं कन्नड वाचता येतंय?
त्या म्हणाल्या, त्यांना तरी कुठं येतंय.

भात चुलीवर ठेवला, पदराला हात पुसले,
बसले चौदा पोरांत.
बाकीची आयांबरोबर रताळी काढायला.

पुस्तकाचा कोपरा कुणीतरी चावलेला.
चित्राखाली अक्षरं,
मोड आलेल्या मटकीसारखी.
मी चित्रच वाचते.
"ही बघा कोंबडी. नटूनथटून बाजाराला निघूलालीय."

महांतेश उभा राहिला.
त्याची आई बैलहोंगलकडची,
पोरगं जूनपासून एक शब्द बोललेलं नाही.
म्हणाला, "कोळी."

कोळी?
सगळी डोकी पानावर,
जाळं शोधूलालीत कडेकडेनं.
"कुठं हाय गे? दिसंना की!"
ईश्वरीनं तर पुस्तक उलटं करून झटकलं.
महांतेश रडायच्या घाईला,
बोट कोंबडीच्या पोटात रुतवून,
"कोळी! कोळी!"

मग मला उमगलं. पण आता सांगून कोण ऐकतंय.
खडू घेतला, फरशीवर कोंबडी काढली,
तिला आठ पाय दिले.
ती आढ्याला जाळं विणत बसली,
अंडी त्यातच टांगली ओळीनं,
आणि बुधवार असल्यामुळं
प्रत्येकाला एक एक सोडली, दोरीवरनं.
महांतेशला पहिलं.

दुसरं पान. मांजर.
तो आता जपून, माझ्याकडं बघत,
"बेक्कु."

कोणी हसलं नाही.
प्रांजल बराच वेळ तोंडात बोट घालून होती.
"आमच्या बेक्किनकेऱ्यातला बेक्कु?"

बावीस वर्षं मी या गावची सून.
रेशनकार्डावर हेच नाव,
लग्नपत्रिकांत, औषधाच्या चिठ्ठीवर.
त्यात मांजर बसलंय
हे मला कुणी सांगितलं नाही.

"आणि केरे?"
महांतेशनं दोन्ही हात पसरले,
पसरता येतील तेवढे.
"नीरू," म्हणाला. "एवढं."

सगळी खिडकीला जाऊन लोंबकळली,
गजांतनं नाकं बाहेर.
तळ्यावर एक म्हैस, दोन बायका धुणं धुवूलालत्या.
"मांजर कवा येतंय गे पाणी प्यायला?"
"रात्री," मी म्हटलं.
"तुम्ही झोपल्यावर."
"तू बघितलीस?"
मी हो म्हणणार,
तेवढ्यात भात करपल्याचा वास आला.

बाई साडेतीनला आल्या.
किती पानं झाली?
दोन, म्हटलं.
त्यांनी वहीत सोळा लिहिली.