नियंत्रण नमुना

जानेवारी. ट्रॉम्सोत दुपारचे बारा म्हणजे
काळोख घटकाभर निळा होतो, इतकंच.
सकाळच्या बोटीनं डबा आला, बर्फात रोवलेल्या नळ्या:
गुनवोर, वय एकोणचाळीस, बेट स्कार्वोया,
मासे खारवण्याच्या कारखान्यात कामाला.
डॉक्टरांची चिठ्ठी: डोळ्यांत धुकं, लघवीत प्रथिन.

रक्त यंत्रात फिरवलं. लाल तळाशी बसलं,
वरचं पाणी वाळल्या गवताच्या रंगाचं हवं,
तिचं मात्र गढूळ,
बटाटे उकडून उरलेल्या पाण्यासारखं.

या एन्झाइमचं काम तसं साधं.
मोकळ्या कोलेस्टेरॉलला एक शेपूट लावून द्यायचं,
की ते गुमान कणाच्या पोटात जाऊन बसतं.
शेपूट नाही मिळालं तर दारातच रेंगाळतं,
आणि मग बिऱ्हाड थाटतं
डोळ्याच्या काचेत, मूत्रपिंडाच्या गाळणीत.

सदतीस अंश. अर्धा तास.
किरणोत्सारी खूण, डोळ्याला न दिसेल एवढी.
अल्कोहोल ओतलं की काम जागच्या जागी थांबतं.
मग पट्टीवर ठिपके, द्रावक हळूहळू चढतं,
शेपूटवाले वर पळतात, मोकळे मागे राहतात.
खरवडायचं. मोजायचं.

गुनवोरच्या ओळीत वर कोणीच नाही.
रिकाम्या नळीचा आकडा, तोच तिचा.

हे अपेक्षित होतं.
नव्हती ती शेजारची ओळ:
नियंत्रण नमुना, म्हणजे निरोगी माणूस,
म्हणजे मी.
सकाळी माझ्याच दंडातून काढलेलं;
इथे सगळेच काढतात, फुकटचं रक्त.

निम्मं.

पुन्हा केलं. नवी पट्टी, आणि सोबत हेन्निंगचं रक्त.
हेन्निंगचं पुरं. माझं निम्मं.

बाबा स्कार्वोयाचे.
विसाव्या वर्षी त्यांनी बेट सोडलं, आणि बेटाबद्दल बोलणंही.
त्यांची बहीण टोरबोर्ग मी एकदाच पाहिली,
तेव्हा सहा वर्षांची होते.
आत्याचे डोळे उकडलेल्या कॉडसारखे,
आणि ते मी मोठ्यानं बोलून दाखवलं होतं.
टेबलावर सगळे गप्प.
आत्यानं चाचपडत मला आणखी एक बटाटा वाढला.

निम्म्यावर माणूस धडधाकट जगतं,
हेन्निंग सांगतोय, मलाही ठाऊक आहे,
मीच शिकवते ते नव्या पोरांना.

वहीत ‘नियंत्रण’ खोडलं.
लिहिलं: ओडनी. बेट…
पेन थोडं थांबलं, मग लिहिलं.

डबा उद्याच्या बोटीनं परत जायचा.
नेहमी रिकामाच जातो.